चाळीस मिलिमीटरचं भोक

विहिरीवरची मोटार कुरकुरायला लागली की ओतूरचा शेतकरी ती उतरवून रिवाइंडिंगच्या दुकानात आणतो. कांद्याला पाणी चालू असेल तर त्याच दिवशी. दुकानदार शाफ्ट हातानं वरखाली हलवून बघतो, कान जवळ नेऊन फिरवतो आणि आतल्या पोराला एक आकडा ओरडून सांगतो. लहान मोनोब्लॉक असेल तर तो आकडा बहुतेक वेळा ६२०२, ६२०३ किंवा ६२०४ यांपैकी एक असतो. कंपनीचं नाव नंतर, भाव त्याहून नंतर. आधी आकडा.

या आकड्यांचं गणित दुकानातलं पोर महिनाभरात शिकतं. ६२ ही मालिका. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे. ०४ पासून पुढे पाचानं गुणायचं, म्हणजे ०४ ला २० मिलिमीटर, ०५ ला २५. त्याखालच्यांना नियम नाही, ते पाठच करायचे: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७. तेव्हा ६२०३ म्हणजे आतून १७, बाहेरून ४० आणि जाडीला १२ मिलिमीटर. बेअरिंग चिंचवडचं असो, जर्मनीचं असो की चीनचं, माप तेच. पुढची अक्षरं गिऱ्हाइकाला समजत नाहीत, पण दुकानदाराला समजतात. ‘झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण, ‘सी-थ्री’ म्हणजे छर्‍यांना जरा जास्त मोकळीक, गरम होणाऱ्या मोटारीसाठी.

हेच १७-४०-१२ माप नॉर्टन कमांडो नावाच्या इंग्लिश मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्येही आहे. पेटीच्या डाव्या भिंतीत, आत, खालच्या बाजूला. तिथं ते इतक्या वेळा आणि इतक्या वाईट रीतीनं फुटलं, की गाडी बनवणारी कंपनी बुडाल्यावरही गाडीचे मालक अनेक वर्षं त्यावर खपत राहिले. क्लबच्या अंकांत लिहून, मेळाव्यांत पेट्या उघडून आणि एकमेकांचे तुटलेले भाग हातात घेऊन त्यांनी त्या जागी काय बसवायचं ते ठरवलं. हा मागोवा त्या बेअरिंगचा आहे. खरं तर बेअरिंगपेक्षा ते ज्या भोकात बसतं त्या भोकाचा.

गाडी १९६७ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आली. ७४५ सीसी, दोन सिलिंडर, कंपनीच्या सांगण्यानुसार ५८ अश्वशक्ती. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरावर टांगलेले, त्यामुळे मोठ्या इंग्लिश ट्विनची हात बधिर करणारी थरथर चालवणाऱ्यापर्यंत पोचत नसे. १९६८ ते १९७२ सलग पाच वर्षं ‘मोटर सायकल न्यूज’च्या वाचकांनी तिला वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरवलं. १९७३ साली ती ८२८ सीसीची झाली, १९७७ च्या सुमारास बंद पडली. आज भारतात तिची नावनिशाणी संग्राहकांच्या शेडमध्येच सापडेल. नॉर्टनचं नाव मात्र २०२० च्या एप्रिलमध्ये होसूरच्या टीव्हीएसनं १ कोटी ६० लाख पौंडांना विकत घेतलं.

गिअरबॉक्स कसा चालतो ते थोडं समजून घेतल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. जुन्या इंग्लिश पेटीत दोन शाफ्ट असतात, वर मेनशाफ्ट आणि खाली लेशाफ्ट. क्लचकडून ताकद मेनशाफ्टवर येते. पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ती तिथून खाली लेशाफ्टवर उतरते आणि डाव्या टोकाच्या दातऱ्यांच्या जोडीतून पुन्हा वर चढून चेनच्या चाकाला मिळते. चौथ्या गिअरमध्ये हा सगळा वळसा बंद. वरचा शाफ्ट थेट चेनच्या चाकाशी जखडला जातो आणि लेशाफ्ट बिनकामाचा फिरत राहतो. आपल्या बुलेटच्या जुन्या चार गिअरच्या पेटीतही मांडणी हीच. टॉपमध्ये बुलेट एवढी गप्प आणि तिसऱ्यात एवढी बोलकी का, याचं निम्मं उत्तर इथं आहे.

आता बघा. पहिल्या तिन्ही गिअरमध्ये सगळी ताकद डाव्या टोकाच्या त्या एकाच जोडीतून जाते. दातऱ्यात दातरा अडकून जोर लागला की दोन्ही शाफ्ट एकमेकांना दूर ढकलतात. खालच्या शाफ्टचा हा धक्का झेलायला जोडीच्या अगदी शेजारी एकच गोष्ट असते, ते ६२०३. उजव्या टोकाला लेशाफ्ट किकच्या शाफ्टमध्ये काशाच्या बुशवर फिरतो, तिथं भार त्या मानानं कमी. म्हणजे सपाट हायवेवर टॉपमध्ये दिवसभर पळणाऱ्याचं बेअरिंग वर्षानुवर्षं टिकेल. माळशेजसारखा घाट रोज दुसऱ्या-तिसऱ्यात चढणाऱ्याचं आधी जाईल. एकाच गाडीबद्दल दोन मालक शपथेवर उलटसुलट सांगत, आणि दोघंही खरं बोलत असत.

बेअरिंग जातं म्हणजे काय होतं? आधी छर्‍यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात, आवाज येतो. मग छर्‍यांना समान अंतरावर धरून ठेवणारी जाळी तुटते. जाळी नसली की छर्रे एका बाजूला गोळा होतात, दुसरी बाजू रिकामी होते आणि शाफ्ट तिकडे कलतो. तिरका झालेला लेशाफ्ट उजव्या टोकाला किकच्या शाफ्टला पकडून फिरवायला लागतो. म्हणून कमांडोवाल्यांमध्ये एक खूण सगळ्यांना पाठ असते: चालत्या गाडीत किकचा दांडा आपोआप हलायला लागला, तर तिथंच क्लच दाबायचा आणि गाडी बाजूला घ्यायची. न ऐकणाऱ्याची पेटी जाम होते. पेटी जाम म्हणजे मागचं चाक जाम. हा दोष नुसता खर्चाचा नव्हता.

दोष आला कुठून, हे शोधायला मागं जावं लागतं, आणि बरंच मागं.

चेंडूसारख्या गोळ्यांवर आस फिरवायची कल्पना पेटंट होऊन सव्वादोनशे वर्षं झाली. वेल्समधल्या फिलिप वॉन या लोखंडाच्या कारखानदारानं १७९४ साली बग्गीच्या आसासाठी ती नोंदवली. तिला जीव आणला मात्र सायकलीनं. पॅरिसच्या ज्यूल सुरीरेनं १८६९ साली सायकलीच्या चाकात छर्रे घातले, आणि त्याच नोव्हेंबरात पॅरिस ते रूआँ शर्यत जिंकणाऱ्या जेम्स मूरच्या सायकलीत छर्‍यांचीच बेअरिंगं होती. पुढे १८८३ साली श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशरनं पोलादी छर्रे एकसारखे गोल घासणारं यंत्र केलं. छर्रे सारखे झाले नाहीत तर भार एकट्या मोठ्या छर्‍यावर येतो, त्यामुळे फिशरच्या यंत्राशिवाय बाकी सगळं फुकट होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट कोनराड यानं छर्रे भरायची आजची रीत शोधली. आतली कडी एका बाजूला सरकवायची, उघडलेल्या चंद्रकोरीतून छर्रे आत घालायचे, कडी मधोमध आणायची, छर्रे सारख्या अंतरावर पांगवायचे आणि जाळीनं जखडायचे. ६२०३ आजही असंच भरतात. रीत सोपी आणि स्वस्त आहे, पण त्या चंद्रकोरीतून मोजकेच छर्रे आत जातात. कडी पूर्ण भरता येत नाही. ६२०३ ची ताकद वाढवायला गेलात की ही अट आडवी येते.

दुसरी वंशरेषा गिअरबॉक्सची, आणि तीही सायकलीतूनच निघते. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीनं विसाव्या शतकाच्या आरंभी स्टर्मी-आर्चर हा तीन गिअरचा सायकलीचा हब काढला. आपल्याकडे आजोबांच्या पिढीनं जी ‘रॅले सायकल’ नाक वर करून मिरवली तिचाच हा इंग्लिश गोतावळा. स्टर्मी-आर्चरनं पुढे मोटरसायकलींच्या गिअरपेट्याही बनवल्या आणि नॉर्टननं त्या वापरल्या. १९३० च्या दशकाच्या मध्यात स्टर्मी-आर्चरनं तो धंदा सोडला, तेव्हा पेटीचा आराखडा नॉर्टनकडे आला. पायानं एकेक पायरी गिअर टाकायची यंत्रणा तोवर रूढ झाली होती. व्हेलोसेटच्या हॅरॉल्ड विलिसनं ती १९२० च्या दशकाच्या अखेरीस शर्यतीच्या गाडीवर आणली होती, त्याआधी टाकीशेजारचा दांडा हातानं ओढावा लागे. नॉर्टनच्या पेटीवर ही यंत्रणा झाकणाच्या एका फुगवट्यात बसली. त्या आकारावरून इंग्रज मालकांनी पेटीला ‘बाहुलीचं डोकं’ असं नाव ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेला नॉर्टननं दिलेल्या सुमारे एक लाख गाड्यांत हीच पेटी होती. १६ एच हे त्यांतलं मुख्य मॉडेल, आणि भारतातल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत ते अजूनही दिसतं.

१९५० मध्ये नव्या फ्रेममध्ये मावावी म्हणून ही पेटी आडवी केली गेली. नॉर्टन पुढे असोसिएटेड मोटर सायकल्स म्हणजे एएमसी या मोठ्या कंपनीच्या पोटात गेली, आणि १९५६ मध्ये एएमसीनं नॉर्टन, मॅचलेस आणि एजेएस अशा आपल्या मोठ्या गाड्यांसाठी एकच सामायिक पेटी काढली. पेटी चांगली होती. गिअर पडायचे ते लोण्यातून सुरी जावी तसे, आणि अनेक जाणकार आजही तिला ब्रिटिश पेट्यांत पहिला मान देतात. तिच्या ॲल्युमिनियमच्या कवचात डाव्या भिंतीला लेशाफ्टसाठी ४० मिलिमीटरचं एक आंधळं भोक होतं. आंधळं, म्हणजे आरपार नसलेलं.

१९५६ ला ते भोक पुरेसं होतं. १९४९ च्या नॉर्टन डॉमिनेटरची ताकद २९ अश्वशक्ती होती, आणि नवी पेटी आली तेव्हाच्या गाड्या त्याच्या फार पुढे गेलेल्या नव्हत्या. पुढच्या अकरा वर्षांत इंजिन पाचशे सीसीवरून सहाशे, साडेसहाशे, साडेसातशेवर गेलं, ताकद दुप्पट झाली. कवच मात्र मूळचंच राहिलं, कारण कवचाचा साचा बदलणं म्हणजे भांडवल, आणि एएमसीकडे ते उरलं नव्हतं. १९६६ ला एएमसी बुडाली. डेनिस पूअर यांनी तुकडे गोळा करून नॉर्टन व्हिलियर्स उभी केली आणि वर्षभरात कमांडो बाजारात आणली. एवढ्या घाईत नवीन गिअरबॉक्स कोण काढणार? ५८ अश्वशक्तीचं इंजिन २९ च्या जमान्यातल्या भोकावर टेकलं.

माझ्या मते इथं दोष देण्यासारखा माणूस सापडत नाही. १९५६ चा आराखडा त्या दिवसाला बरोबर होता, १९६७ चा निर्णय त्या दिवशी दुसरा घेताच आला नसता. मालकांनी मात्र आधी राग काढला तो बेअरिंगच्या गावावर. काही काळ कारखान्यातून निघालेल्या पेट्यांत पोर्तुगालचा शिक्का असलेली बेअरिंगं होती, आणि ‘पोर्तुगीज बेअरिंग निघालं तर तिथंच फेकून द्या’ हा सल्ला कमांडोवाल्यांत अजूनही पहिल्या दिवशी मिळतो. त्यात तथ्य नसेल असं नाही. पण चांगल्या शिक्क्याची बेअरिंगंही जात होती, फक्त सावकाश. त्यामुळे प्रश्न शिक्क्यावरून मापाकडे सरकला, आणि मालकांचं खरं काम तिथून सुरू झालं.

नॉर्टन ओनर्स क्लब १९५९ पासून चालू आहे आणि त्याचं ‘रोडहोल्डर’ हे नियतकालिक आहे. अमेरिकेत नॉर्टनवाल्यांची वेगळी संघटना आहे. त्यांच्यात दुकानदार होते, शर्यतवाले होते, कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर होते आणि शनिवारी पाना हातात घेणारे कारकूनही होते. नॉर्टनचे जुने रेसर आणि नॉर्थॅम्प्टनचे विक्रेते मिक हेमिंग्ज यांनी तर ही पेटी उघडून पुन्हा कशी भरायची याचा व्हिडिओच काढला.

या सगळ्यांच्या वाट्याला एक सोय आयती आली होती. कमांडोतल्या बहुतेक वस्तू इंचात, तिचे नट उघडायला पान्यांचा वेगळा संच लागतो, पण हे बेअरिंग मिलिमीटरमधलं, जगभर मिळणारं. अडचण अशी, की कवचाला हात लावायची सोय नाही. भोक ४० च, शाफ्ट १७ चाच, खोली १२ चीच. जे काही करायचं ते या डबीच्या आत.

डबीच्या आत करण्यासारखं काय होतं? बेअरिंगच्या कॅटलॉगमध्ये त्याच मापाचा एक भाऊबंद आहे, एनजे २०३. बाहेरून बघितलं तर ६२०३ चा जुळा, पण आत छर्‍यांऐवजी छोटे दंडगोल रोलर. छर्रा कडीला टेकतो तो एका बिंदूवर, रोलर टेकतो एका रेषेवर. त्यामुळे भार पसरतो. कॅटलॉग सांगतो त्यानुसार ६२०३ ची भारक्षमता साधारण १० किलोन्यूटन, रोलरवाल्याची २०. नुसती दुप्पट वाटेल. पण बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या आसपास बदलतं, म्हणून दुप्पट क्षमतेला कागदावरचं आयुष्य दसपटीच्याही पुढं जातं. हे कळल्यावर कुणालाही वाटेल की प्रश्न सुटला, रोलर ठोका आणि निघा.

सुटला नाही, कारण छर्‍याचं बेअरिंग न मागता आणखी एक काम करत असतं. छर्रा खोबणीत बसलेला असतो, त्यामुळे तो शाफ्टला डावीउजवीकडेही फारसा सरकू देत नाही. एनजे जातीच्या बेअरिंगमध्ये आतल्या कडीला एकाच बाजूला कॉलर असते, म्हणजे एका दिशेची सरक अडते, दुसरी मोकळी राहते. आतली कडी तर शाफ्टबरोबर बाहेरच येते. ती उलटी बसवली की सगळं मुसळ केरात. शिवाय शाफ्ट बाजूला किती हलावा हे आता बसवणाऱ्यानं ठरवायचं, पातळ शिम घालून. शिम जास्त झाली की झाकण आवळल्यावर पेटी जड फिरते आणि बुश घासतं, कमी झाली की दातरे डावीउजवीकडे खेळतात. कारखान्याच्या पुस्तकात या शिमचा पत्ता नव्हता, कारण कारखान्याला तिची गरजच नव्हती. ती मालकांची भर. कुणी झाकणाखाली गॅस्केटसह मोजायला सांगे, कुणी गॅस्केटशिवाय, आणि प्रत्येकाची पेटी चालत असे.

दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जाणारा होता. जोर पडला की पातळ ॲल्युमिनियमचं कवच किंचित फाकतं आणि शाफ्टही वाकतो. छर्‍याला थोडा तिरकेपणा चालतो. रोलरला चालत नाही, तो कडेवर उभा राहतो आणि कडच खड्डा पाडते. नॉर्टनवाल्यांना हे नवीन नव्हतं. १९७२ च्या जास्त ताकदीच्या कमांडोत क्रँकचं रोलर बेअरिंग याच कारणानं गेलं होतं, वाकणाऱ्या क्रँकखाली रोलरच्या कडा खोदत होत्या. तिथं कारखान्यानं स्वतः उपाय केला आणि कडांना बारीक उतार दिलेले रोलर आणले. ते ‘सुपरब्लेंड’ या नावानं गाजले. त्यामुळे लेशाफ्टच्या बाबतीत एक गट रोलरचा राहिला आणि दुसरा म्हणत राहिला की छर्‍याचंच ठेवा, फक्त उत्तम घ्या, पत्र्याऐवजी पॉलिअमाइडची जाळी असलेलं घ्या. पत्र्याची जाळी रिव्हेटशी तुटते आणि तिचे तुकडे दातऱ्यांत जातात, प्लास्टिकची लवते. दोन्ही गटांकडे हजारो मैल चाललेल्या गाड्या आहेत. बहुसंख्य लोक रोलरकडे गेले आणि आज सुटे भाग विकणारेही रोलरच पुढे करतात. तरी मला दुसऱ्या गटाचा युक्तिवाद कधी पोकळ वाटला नाही. घाईनं तिरकं बसवलेल्या चांगल्या वस्तूपेक्षा नीट बसवलेली बरी वस्तू जास्त टिकते, हे कुठलाही फिटर सांगेल.

आणि बसवायचं कसं, हाही एक अध्यायच. भोक आंधळं, त्यामुळे जुनं बेअरिंग मागून ठोकून काढता येत नाही. मग कवच गरम करायचं. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, भोक सैल होतं. तेवढ्यात कवच लाकडाच्या ठोकळ्यावर सपाट आपटायचं की बेअरिंग आपल्या वजनानं खाली पडतं. इंग्लंडातल्या घरांत यासाठी बायकोचा ओव्हन वापरल्याच्या गोष्टी आहेत, गिअर ऑइलच्या वासासकट. आळेफाट्याच्या किंवा ओतूरच्या गॅरेजवाल्याला हे नवं वाटणार नाही, तो ब्लोलॅम्प वापरेल एवढंच. त्याला एक गोष्ट मात्र सांगावी लागेल: मोटारीला घालतात तसं झाकणाचं ‘झेडझेड’ बेअरिंग इथं नको. पेटीतलं तेल छर्‍यांपर्यंत पोचायला बेअरिंग उघडं हवं.

शर्यतवाल्यांनी याच दुखण्याला वेगळी वाट काढली. पीटर विल्यम्स हा स्वतः इंजिनिअर असलेला रेसर जॉन प्लेअर नॉर्टन संघात होता. १९७२ च्या आइल ऑफ मॅन टीटी शर्यतीत गिअरबॉक्सनं संघाला दगा दिला. त्यावर बाहेरून आधार देणारं जादा बेअरिंग आलं, आणि इंजिन ते क्लच हे प्रमाण बदलून गिअरबॉक्सच जास्त वेगानं फिरवला गेला. तीच अश्वशक्ती जास्त फेऱ्यांत वाटली की प्रत्येक फेरीतला पीळ कमी होतो, दातऱ्यांवरचा जोर कमी होतो. म्हणजे बेअरिंग मोठं न करता भार लहान केला. १९७३ ला विल्यम्सनं फॉर्म्युला ७५० टीटी जिंकली. रस्त्यावरच्या मालकांना ही वाट परवडणारी नव्हती, पण तिच्यातला विचार ज्याला समजला त्यानं निदान टॉपऐवजी तिसऱ्यात खेचत राहायची सवय सोडली.

आपल्याकडे हा इतिहास वेगळ्या गाड्यांवर घडला. बुलेटची पेटी नॉर्टनच्या घराण्यातली नाही, ती बर्मिंगहॅमच्या आल्बियन कंपनीच्या रचनेची. १९५५ ला बुलेट मद्रासला आली, इंग्लंडातल्या रेडिचचा मूळ कारखाना १९६७ ला बंद पडला, आणि पेटी इथंच चालू राहिली, उजव्या पायाच्या गिअरसकट. तिचा प्रसिद्ध दोष म्हणजे दोन गिअरच्या मधला खोटा न्यूट्रल. त्यावर कारखान्याचं उत्तर होतं टाचेनं दाबायचा न्यूट्रल फाइंडर. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यातून थेट न्यूट्रल. सिग्नलला उभ्या बुलेटवाल्याला तो फार सुखाचा वाटे, पण दोष जिथल्या तिथं ठेवून त्याला दरवाजा करून देण्यासारखंच ते होतं. मूळ दोषावर काम केलं ते मिस्त्र्यांनी. झाकणाआडची रॅचेटची पट्टी, तिचे दोन बोल्ट सैल करून केसभर सरकवायची, तिची स्प्रिंग बदलायची. बुश झिजलं की गनमेटलचं लेथवर काढायचं. हे ज्ञान कुठल्या नियतकालिकात छापलं गेलं नाही, उस्तादाकडून चेल्याकडे गेलं, आणि म्हणून ते गावागणिक बदललं. एका मिस्त्रीनं काढलेलं बुश दुसऱ्याच्या शाफ्टला बसेल याची खात्री नाही.

येझदीचं आणखी कठीण. म्हैसूरची आयडियल जावा १९६१ मध्ये सुरू झाली आणि १९९६ मध्ये बंद पडली. तिच्या गाड्यांत गिअरचा आणि किकचा दांडा एकच. तो आत दाबून वर वळवला की किक, पुन्हा खाली आणला की गिअर. एकाच दांड्याच्या खाचांवर दोन कामं, त्यामुळे खाचा झिजणार हे ठरलेलंच. कारखाना बंद झाल्यावर पुण्या-मुंबईतल्या आणि कोल्हापूरच्या येझदीवाल्यांनी जुने भाग गोळा करून, नवे वळवून घेऊन गाड्या चालत्या ठेवल्या. इथं नॉर्टनवाल्यांशी तुलना केली तर हुशारीत फरक सापडत नाही. फरक लिहून ठेवण्यात आहे. ४० मिलिमीटरच्या भोकात काय बसतं हे तिकडं छापून आलं, म्हणून सातासमुद्रापारच्या माणसानं तेच बेअरिंग, तीच कॉलर, तीच शिम वापरली. जुन्नर-आंबेगावातून रोज चाकणला कामाला जाणाऱ्या पोरांना ड्रॉइंग वाचता येतं, मायक्रॉनमध्ये फिट ठरवता येते. त्यांच्या आजोबांच्या येझदीचं एकही ड्रॉइंग मात्र त्यांच्या हाती नाही.

नॉर्टनची गोष्ट बेअरिंगवर थांबली नाही. बेअरिंग टिकायला लागल्यावर त्याच्या पलीकडचे दोष दिसायला लागले: फाकणारं कवच, किकच्या शाफ्टमधलं काशाचं बुश, शर्यतीत तुटणारे दातरे. इंग्लंडच्या क्वाइफ कंपनीनं १९७० च्या दशकातच पाच गिअरचे संच काढले होते. पुढे न्यूझीलंडच्या टीटीआयनं संपूर्ण पेटीच नव्यानं केली. कवच स्वतःचं, जाड, आतले शाफ्ट आणि बेअरिंगं आपल्या मनासारखी. १९५६ चं ते भोक तिथं उरलेलं नाही. पण ही पेटी विकायची ती कमांडोच्याच मालकाला, आणि त्याच्या गाडीत गिअरबॉक्स बसतो तो इंजिनामागच्या दोन पत्र्यांच्या मधोमध, वरच्या आणि खालच्या बोल्टावर, पुढच्या क्लचशी आणि मागच्या चेनशी रेषेत. त्यामुळे आत काहीही करायची मोकळीक असलेल्या या नव्या पेटीची बाहेरची रुंदी आणि बोल्टांची भोकं एएमसीच्याच मापाची आहेत.